ट्रॉली जॅक चिखलात न्यायचा असेल, तर फरशीही सोबत न्यावी

खानापूर तालुक्यातील एका गाडीमालकांनी विचारले आहे, की त्यांच्याकडे थार गाडी आणि ३ टनी ट्रॉली जॅक आहे. जांबोटीच्या पुढे त्यांची शेती असल्यामुळे पावसाळ्यात गाडी वारंवार कच्च्या वाटेवर न्यावी लागते. गाडीसोबत मिळालेला जॅक तेथे उपयोगी पडत नाही, म्हणून ट्रॉली जॅकची लोखंडी चाके काढून मोठी रबरी चाके बसवावीत आणि वरच्या सॅडलला (गाडीला टेकणाऱ्या वाटीला) पाइप वेल्ड करून त्याची उंची वाढवावी, असा त्यांचा विचार आहे. हे करणे योग्य आहे का, की सरळ हाय-लिफ्ट जॅक (उभ्या दांडीवर वर चढणारा जॅक) घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशन आणि जीपगाड्यांची कामे करताना हाच प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात कोणी ना कोणी घेऊन येतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी लागेल. चाके लहान आहेत आणि उंची कमी पडते, या दोन तक्रारी दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. ट्रॉली जॅक हा गॅरेजच्या काँक्रीटच्या फरशीसाठी बनवलेला असतो. ती फरशी सपाट असते, कठीण असते आणि तिच्यावर जॅक आपोआप पुढे-मागे सरकू शकतो. या तिन्ही गोष्टी जॅकच्या रचनेत गृहीत धरलेल्या आहेत. शेतात त्यांपैकी एकही मिळत नाही. म्हणून जॅकमध्ये काय बदलायचे, यापेक्षा जॅकच्या खालची जमीन कशी बदलायची, हा खरा प्रश्न आहे, असे मी मानतो.

जॅक सरकणे का आवश्यक आहे, हे नीट समजून घेतले तर पुढचे सर्व निर्णय सोपे होतात. ट्रॉली जॅकचा आर्म, म्हणजे सॅडल उचलणारा दांडा, मागच्या बाजूच्या एका पिनवर फिरतो, त्यामुळे सॅडल सरळ वर न जाता वर्तुळाच्या कमानीत वर जाते. समजा, आर्मची लांबी ५० सेंटीमीटर आहे आणि त्याची पिन जमिनीपासून १५ सेंटीमीटर उंचीवर आहे. सॅडल ४८ सेंटीमीटरपर्यंत चढवले, तर ते वर जाता जाता साधारण १२ सेंटीमीटर मागेही येते. फरशीवर हे आपल्या लक्षात येत नाही, कारण तेवढ्याच अंतराने जॅक गाडीखाली पुढे धावतो. चाके चिखलात रुतलेली असतील तर जॅक धावू शकत नाही. मग एक तर गाडी ओढली जाते, नाही तर सॅडल अ‍ॅक्सलवरून घसरते.

माझ्या हातून हे एकदा घडले आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत, जुलै महिन्यात जांबोटी पट्ट्यातील एका बांधावर अडकलेल्या गाडीचे मागचे चाक काढण्यासाठी मी ट्रॉली जॅक घेऊन गेलो होतो. जॅकच्या पुढच्या चाकांखाली मी एक जांभ्याचा चिरा सपाट ठेवला होता आणि मागची चाके मोकळ्या मातीवर होती. निम्म्यापर्यंत सर्व ठीक चालले. त्यानंतर मागची चाके खचली, जॅकचे तोंड वर झाले, चिरा मधोमध फुटला आणि गाडी चाकावर परत आदळली. चाकाचे नट अजून पुरते काढलेले नव्हते आणि कोणाचा हात खाली नव्हता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून मी जॅकखाली चिरा ठेवत नाही आणि इतरांनाही ठेवू देत नाही. घर बांधायला जांभा उत्तम आहे, परंतु तो सच्छिद्र असतो, भिजल्यावर आणखी कमकुवत होतो आणि एका ठिकाणी भार आला की कोणतीही सूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकविषयीही माझे हेच मत आहे.

आता चाकांकडे वळू. थारचे वजन साधारण पावणेदोन टन असते, म्हणजे सामानासह मागच्या एका चाकावर ५०० किलोच्या आसपास भार येतो, असे धरून चालावे. जॅकची चारही लोखंडी चाके मिळून जमिनीला जेवढी टेकतात, ती जागा तळहाताच्या निम्म्याएवढीही नसते. ती ६० चौरस सेंटीमीटर धरली आणि जॅकचे स्वतःचे ३५ किलो वजन मिळवले, तरी दर चौरस सेंटीमीटरला जवळपास ९ किलो दाब येतो. भिजलेली शेतजमीन एवढा दाब सहन करू शकत नाही. मोठी रबरी चाके लावल्याने हा दाब कमी होतो हे खरे आहे, परंतु हवेची चाके भाराखाली दबतात आणि बाजूला लवचीक होतात. पाचशे किलो वजन उचललेले असताना खालचा आधार डोलणे मला मान्य नाही. म्हणून मोठी चाके बसवायचीच असतील, तर ती केवळ जॅक ओढत नेण्यासाठी, हातगाडीप्रमाणे एका टोकाला दोन अशी बसवावीत आणि जॅक कामाच्या जागी आडवा झाल्यावर ती जमिनीपासून वर राहतील अशी त्यांची जागा ठरवावी. वजन वाहून नेण्याचे चाक आणि वजन पेलण्याचा तळ या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्यात.

पेलण्याच्या तळासाठी मी जॅकला हात न लावता एक वेगळा ट्रे बनवतो. भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावताना जो विचार असतो, तोच येथेही आहे: भार जास्त जागेवर पसरवायचा. पाच मिलिमीटर जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा, ८५ सेंटीमीटर लांब आणि ३८ सेंटीमीटर रुंद, आणि दोन्ही लांब कडांना ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल उभा वेल्ड केलेला, असा हा ट्रे असतो. दोन अँगलमधील मोकळी रुंदी जॅकच्या रुंदीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच जास्त ठेवतो. त्यामुळे जॅकची चाके अँगलला लागून धावतात, तिरकी जात नाहीत आणि पत्रा जेथे सर्वांत ताठ असतो तेथेच भार येतो. दोन्ही टोकांना आडवी पट्टी लावून अडथळा करतो, म्हणजे जॅक ट्रेबाहेर पडत नाही. या ट्रेचे वजन साधारण १८ किलो होते आणि त्यावर जॅक आपल्याच लोखंडी चाकांवर, फरशीवर धावावा तसा धावतो. मुळात ज्यासाठी तो बनवला आहे तेच काम तो करतो, फक्त फरशी आपण सोबत नेलेली असते.

येथे एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. जॅक ट्रेच्या बरोबर मध्यभागी ठेवला जातो आणि मग ट्रेचे पुढचे टोक खाली रुतते. ट्रॉली जॅकमध्ये भार मध्यावर नसतो. सॅडल पुढच्या चाकांच्या जवळ असल्यामुळे बहुतेक वजन त्या चाकांवर येते. म्हणून पुढच्या चाकांच्या पुढे किमान १५ सेंटीमीटर ट्रे शिल्लक राहिला पाहिजे, आणि जॅक जसा पुढे धावेल तशी ही जागा कमी होणार आहे, हेही मापात धरले पाहिजे. सगळा तळ समान दाबला गेला तर दर चौरस सेंटीमीटरला पाव किलोपेक्षा कमी दाब येतो. पुढचा भाग जास्त दाबला जातो हे लक्षात घेऊन मी त्याच्या दुप्पट धरतो. अंगठा जोर लावूनही सहज आत जात नाही अशा जमिनीवर हा ट्रे चांगला बसतो. अंगठा बोटभर आत जात असेल, तर आधी फावड्याने वरचा चिखल काढून खालचा घट्ट थर गाठावा, नाही तर ट्रेखाली आडव्या फळ्या टाकाव्यात. बाभळीच्या किंवा ऐनाच्या, किमान दोन इंच जाडीच्या फळ्या चांगल्या. आणखी एक छोटी गोष्ट: ट्रेखाली गोणपाट अंथरावे आणि ट्रेच्या एका कोपऱ्याला छिद्र पाडून दोर बांधून ठेवावा. काम झाल्यावर चिखल ट्रेला खालून धरून ठेवतो आणि सरळ वर ओढून तो निघत नाही. एका कोपऱ्याने उचलला की हवा आत शिरते आणि तो सुटतो.

आपल्या भागात जमीन एकसारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. खानापूरकडील तांबडी, मुरमाड जमीन पाऊस थांबल्यावर काही तासांत बरीच घट्ट होते आणि तेथे नुसत्या ट्रेवर काम भागते. निपाणी, चिकोडी, अथणीकडील काळ्या रानात तसे होत नाही. काळी माती वरून सुकलेली दिसली तरी खाली ओली असते, आणि जॅकवर वजन ठेवून दहा मिनिटे थांबलो तर तळ हळूहळू खचत राहतो. अशा जमिनीत मी फळ्यांशिवाय जॅक लावत नाही आणि वजन जॅकवर ठेवून कधीच थांबत नाही.

सॅडलच्या उंचीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण धोका येथे आहे आणि फायदाही येथेच आहे. गाडी चॅसिसला उचलली तर आधी स्प्रिंग सैल होतात, चाक खाली लोंबत राहते आणि बरेच अंतर वाया गेल्यावर टायर जमीन सोडतो. त्यामुळे जॅक बुटका आहे असे वाटते. तीच गाडी अ‍ॅक्सलला उचलली, तर टायर लगेच वर येतो. थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, त्यामुळे मागच्या बाजूला अ‍ॅक्सलच्या नळीखाली, चाकाच्या जवळ जॅक लावावा. जिम्नी, जिप्सी आणि जुन्या एमएम ५४० मध्ये पुढचा अ‍ॅक्सलही अखंड असल्यामुळे ही सोय दोन्हीकडे मिळते. थार आणि बोलेरोच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तेथे मालकाच्या पुस्तकात दाखवलेल्या चॅसिसच्या जागीच उचलावे, आणि उचलण्यापूर्वी सस्पेन्शनचा खालचा आर्म रॅचेट पट्ट्याने चॅसिसला घट्ट बांधावा, म्हणजे चाक लोंबत नाही. काम झाल्यावर हा पट्टा सोडण्यास विसरू नये.

आपल्या गाडीत १८ इंची चाके आणि २५५/६५ चे टायर असतील तर टायरचा व्यास ७९ सेंटीमीटर होतो आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीचा तळ जमिनीपासून साधारण ३३ सेंटीमीटरवर येतो. आपल्या गाडीचे माप मात्र आपणच घ्यावे. वर सांगितलेल्या जॅकने तेथून १० सेंटीमीटर उचलले, तर सॅडल ५ सेंटीमीटरपेक्षा थोडे जास्त मागे येते. सॅडलवर १५ सेंटीमीटरचा वाढीव तुकडा ठेवून तेवढेच उचलले, तर ते केवळ दीड-पावणेदोन सेंटीमीटर मागे येते. कारण कमानीचा खालचा भाग जवळजवळ सरळ वर जातो आणि मागे येण्याचा बराचसा भाग शेवटच्या उंचीत असतो. म्हणजे वाढीव तुकड्याचा खरा उपयोग गाडी अधिक उंच नेण्यासाठी नसून जॅक त्याच्या खालच्या, सुरक्षित पट्ट्यात काम करत राहावा यासाठी आहे. बहुतेक लोक हा तुकडा बसवतात आणि मग जॅक शेवटपर्यंत चढवतात. त्यात कमानीचा आणि उंच खांबाचा, असे दोन्ही धोके एकत्र येतात.

हा तुकडा सॅडलला वेल्ड करू नये. सॅडल उचलून काढले की खाली जे भोक असते, त्यात घट्ट बसणारा खुंटा लेथवर वळवून घ्यावा, त्यावर जाड भिंतीची नळी आणि नळीच्या डोक्यावर अ‍ॅक्सल बसेल अशी यू आकाराची खाच करावी. खाचेची रुंदी अ‍ॅक्सलच्या नळीवरून मोजून ठरवावी. खुंट्याची लांबी मूळ सॅडलच्या खुंट्यापेक्षा कमी नसावी, आणि नळी व खालची प्लेट यांच्या सांध्यावर चार बाजूंनी गसेट (तिकोनी आधारपट्ट्या) लावावेत. एकूण उंची १५ सेंटीमीटरच्या वर नेऊ नये, ही माझी मर्यादा आहे. त्याहून जास्त उंची लागत असेल तर ट्रेखाली फळ्यांचा चौथरा रचावा. उंची खालून वाढवली तर रुंद तळ मिळतो, वरून वाढवली तर तोच भार एका खांबावर येतो. जॅकवर ३ टन लिहिलेले असते ते सपाट, कठीण जागेवर, सॅडलच्या मध्यावर सरळ भार असताना लागू होते. वाढीव तुकडा लावल्यावर त्या आकड्याच्या निम्म्यावरही मी विसंबत नाही, आणि एका चाकाचे काम त्या मानाने फार कमी भाराचे असल्यामुळे तसे करण्याची वेळही येत नाही.

जॅकवर वेल्डिंग करण्याविषयी स्पष्ट सांगतो. आर्मवर आणि सिलिंडरच्या जवळ वेल्डिंग करू नये. उष्णतेने आतील रबरी सील जळतात, आणि अर्थिंग चुकीच्या जागी धरले तर करंट पिनांमधून आणि व्हॉल्व्हच्या छोट्या गोळ्यांमधून जाऊन त्यांवर खड्डे पडतात. त्यानंतर जॅक भाराखाली हळूहळू उतरू लागतो आणि कारण सापडत नाही. ओढण्याची चाके बसवायची असल्यास साइड प्लेटवर क्लँप आणि बोल्ट वापरावेत. ओव्हरलोड व्हॉल्व्हचा (जादा भार उचलू न देणाऱ्या झडपेचा) स्क्रू कोणी सांगितले तरी फिरवू नये. तेल भरताना जॅकचेच हायड्रॉलिक तेल वापरावे. ब्रेक ऑइल घातले तर सील फुगून खराब होतात. चिखलातून परत आल्यावर पिस्टनचा उघडा दांडा पुसून काढावा, कारण त्यावरची वाळू सील कापते. जुन्या ट्यूबचा तुकडा दांड्यावर झाकण म्हणून बांधला तर बराच फरक पडतो.

गाडी जागेवर धरून ठेवण्याचा विचार जॅकइतकाच महत्त्वाचा आहे. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरे चाक गिअरमध्ये असूनही फिरू शकते. थारसारख्या गाडीत हँडब्रेक मागच्या प्रत्येक चाकावर लागत असल्याने जमिनीवरचे चाक धरलेले राहते. काही जुन्या जीपमध्ये मात्र हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. तेथे एक चाक वर गेले की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणून उरलेल्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकचा दांडा हलवू नये. चाक निघाले की ते, किंवा स्टेपनी, लगेच चॅसिसखाली आडवी सरकवावी. अ‍ॅक्सलखाली घोडी (जॅक स्टँड) लावायची असेल तर तिच्या पायांखालीही प्लेट हवी. घोडीचे चार बारीक पाय चिखलात जॅकच्या चाकांपेक्षाही लवकर रुततात. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये, याला माझ्याकडे कोणताही अपवाद नाही.

हाय-लिफ्ट जॅक घ्यावा का, याचे उत्तर आपल्या गाडीवर अवलंबून आहे. त्याचा तळ लहान असतो, तो उभा असतो आणि त्याला पकडायला मजबूत लोखंडी बंपर किंवा बाजूचा रॉक स्लायडर (दाराखालची मजबूत लोखंडी नळी) लागतो. कंपनीच्या प्लॅस्टिक बंपरवर तो लावता येत नाही. त्याचा दांडा हातातून सुटला तर जोराने उसळतो आणि जबड्यावर बसलेला मार मी पाहिला आहे. खोल चाकोरीत बसलेले चाक उचलून त्याखाली दगड भरायचे असतील तर त्याच्यासारखा दुसरा जॅक नाही, परंतु टायर बदलण्यासाठी मी तो सुचवणार नाही.

ट्रॉली जॅक आणि ट्रे मिळून ५० किलोपेक्षा जास्त ओझे होते. आपले काम घर ते शेत असे ठरलेल्या वाटेवर असेल, तर हा संच शेतघरात ठेवावा. तेथे तो सर्वांत जास्त उपयोगी पडेल. गाडीत कायम न्यायचा असेल तर जॅक चाकांवर सरळ उभा ठेवून दोन पट्ट्यांनी गाडीच्या तळावरील हुकांना बांधावा, कारण चोर्ला घाटात अचानक ब्रेक लागला तर ३५ किलो लोखंड पुढच्या सीटपर्यंत येते. एवढे ओझे नको असेल, तर ५ टनी बाटली जॅक आणि ४० बाय ४० सेंटीमीटरची, मधोमध जॅकच्या तळाच्या मापाची कड लावलेली प्लेट पुरेशी आहे. बाटली जॅक सरळ वर जातो, त्यामुळे कमानीची अडचणच राहत नाही; फक्त तो आडवा कलला नाही पाहिजे आणि अ‍ॅक्सलखाली बसेल एवढी त्याची किमान उंची कमी हवी. अनेकांना मी शेवटी हाच पर्याय देतो.

ट्रे करायचा ठरवलात, तर पत्रा कापण्यापूर्वी चार मापे घेऊन यावीत: जॅकची सर्वांत जास्त रुंदी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, सॅडलखालच्या भोकाचा व्यास व खोली, आणि गाडी सामानासह उभी असताना अ‍ॅक्सलच्या नळीचा तळ जमिनीपासून किती वर आहे ते. ट्रे तयार झाल्यावर पहिला प्रयोग अडकलेल्या गाडीवर न करता, पाऊस पडून गेलेल्या आपल्याच शेतात करावा. चाक १० सेंटीमीटर उचलून, सर्व जण दूर उभे राहून, पंधरा मिनिटांनी ट्रेची चारही टोके किती खाली गेली ते मोजावे. पुढचे टोक मागच्यापेक्षा दोन बोटे जास्त खचले असेल, तर जॅक ट्रेवर आणखी मागे घ्यावा आणि पुन्हा पाहावे.